चंद्रकोरीतला तारा आणि नारळीकरांची गोष्ट

२४ मार्च २०२३ ची संध्याकाळ. रमजानचा पहिला रोजा होता. इफ्तार आणि मगरिबची नमाज उरकते न उरकते तोच हिंगोलीतल्या आमच्या गल्लीतली मुले गच्च्यांवर धावली. पश्चिमेला नखाएवढी चंद्रकोर होती आणि तिच्या खाली, अगदी लगत, एक ठळक चांदणी लुकलुकत होती. ती चांदणी म्हणजे शुक्र. त्या दिवशी भारतातून पाहताना चंद्र शुक्राच्या पुढून सरकून गेला होता. अंधार पडेपर्यंत दोघे वेगळे झाले होते, पण एकमेकांपासून दूर गेले नव्हते. रात्रभर मोबाईलवर ‘चांद-तारा’चे फोटो फिरत राहिले.

माझी भाची तेव्हा आठवीत होती. चित्रकलेची वही तिच्या हातून कधी सुटत नाही. दर ईदला घरातली सगळी कार्डे तीच रंगवते : हिरवी किनार, मधे सोनेरी कोर आणि कोरीच्या कुशीत एक तारा. त्या रात्री ती बराच वेळ काढत आणि खोडत बसली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मामू, आपण कार्डावर तारा कोरीच्या मधे काढतो. पण तिथं तर चंद्रच आहे ना? उजेड नसलेला. नीट पाहिलं की तो करडा गोल दिसतोसुद्धा. मग चंद्राच्या पोटातून तारा कसा दिसेल?”

मी भाषा शिकवणारा मास्तर. उत्तर लगेच सुचले नाही. विज्ञान शिकवणाऱ्या एका मित्राला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, “पोरगी बरोबर बोलतेय. तारा चंद्राच्या पलीकडे असतो. कोरीच्या दोन टोकांमधली जागा रिकामी नसते, तिथं अख्खा चंद्र उभा असतो.” तो करडा उजेडही खराच असतो. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्राच्या काळोख्या भागावर पडतो, म्हणून तो भाग अंधुक दिसतो.

हे सगळे आठवायला कारण घडले ते दोन वर्षांनी. १३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. लगेच घरात बैठक बसली. मोठे भाईजान म्हणाले, सायन्स घ्या. खाला म्हणाल्या, मुलीचा हात चांगला आहे, चित्रकलेकडे जाऊ द्या. शाळेतल्या एका मार्गदर्शकांनी तर आधीच ऐकवले होते की सायन्स घ्यायचे असेल तर ‘ही रंगरंगोटी’ आता बंद करा. मुलगी काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की मला जास्त काळजी वाटते.

बरोबर एका आठवड्याने, २० मे रोजी, पुण्यात डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे निधन झाल्याची बातमी आली. त्या दिवशी मी कपाटातून त्यांची जुनी पुस्तके काढली आणि भाचीच्या हाती दिली. हा लेख त्या पुस्तकांमुळे झाला.

नारळीकर चित्रकार नव्हते, हे आधीच सांगतो. त्यांची कला होती गोष्ट सांगण्याची. खगोलभौतिकी हा जगातल्या अवघड विषयांपैकी एक. त्यात त्यांचे नाव केंब्रिजपासून अमेरिकेपर्यंत होते. आणि तोच माणूस मराठीत विज्ञानकथा लिहायचा, त्याही स्टॉलवरच्या मासिकात छापून येतील, बसस्टँडवर वाचता येतील अशा.

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, तर आई सुमती संस्कृतच्या जाणकार. बालपण सगळे बनारसला गेले. घराबाहेर हिंदी, घरात मराठी आणि अभ्यासाच्या मोठ्या ग्रंथांत इंग्रजी. आपल्या वाचकांना हे काही नवे नाही. आपल्याही घरात दखनी असते, शाळेत मराठी किंवा उर्दू, कॉलेजात इंग्रजी आणि मशिदीत अरबी. अनेक भाषांत वाढणारे मूल गोंधळते, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. बनारसच्या या मुलाने घरातली मराठी आयुष्यभर जपली आणि पुढे त्याच भाषेत पुस्तकामागून पुस्तक लिहिले.

त्यांच्या बालपणातली एक गोष्ट मला, मी स्वतः मामू असल्यामुळे, फारच आवडते. वडिलांनी घरात मुलांसाठी फळे लावून दिले होते. घरी मोरेश्वर हुजूरबाजार नावाचे मामा राहायला होते, तेही गणिताचे. ते फळ्यावर एखादे कोडे लिहून ठेवत, वर मथळा असे : ‘जेव्हीएन’ला आव्हान. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. कोडे सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही. ओरडा नाही, शिकवणी नाही, मार्क नाहीत. येता-जाता मुलाला ते कोडे दिसत राहायचे, बस्स.

१९५७ मध्ये बनारसची बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले. १९५९ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्या पहिल्या क्रमांकाला ‘सीनियर रँग्लर’ म्हणतात. पुढे संशोधनासाठी त्यांना गुरू मिळाले फ्रेड हॉईल. हॉईल जगातले नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते आणि विज्ञान कादंबऱ्याही लिहायचे. ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही त्यांची कादंबरी १९५७ चीच. म्हणजे नारळीकर ज्या खोलीत विश्वाची समीकरणे मांडायला शिकले, तिथे समीकरणे लिहिणारा हातच गोष्टीही लिहीत होता. ‘हे किंवा ते’ असे तिथे त्यांना कुणी म्हटले नाही.

१९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकर यांनी लंडनमध्ये गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. त्याचे सार असे की एखाद्या वस्तूचे वस्तुमान ही तिची एकटीची मालमत्ता नाही. विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या अस्तित्वामुळे ते तिला मिळते. हातातल्या खड्याला जे जडत्व आहे, त्यात दूरच्या ताऱ्यांचाही वाटा आहे. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी या तरुणाला पद्मभूषण मिळाले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते.

इथे आपल्यापैकी अनेकांना अडखळल्यासारखे होईल अशी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती टाळून नारळीकर सांगता येत नाहीत. ते आणि हॉईल ‘स्थिर स्थिती’ सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. विश्व पसरत आहे हे त्यांना मान्य होते, पण त्याला एखादा आरंभाचा क्षण, ज्याला बिग बँग म्हणतात, तो नव्हता, असे त्यांचे म्हणणे. पसरताना जी जागा होते तिथे नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि एकूण चित्र तसेच राहते. निर्मितीवर श्रद्धा असलेल्या वाचकाला हे पटणार नाही. पण लक्षात घ्या, बहुतेक वैज्ञानिकांनाही ते पटले नाही, आणि त्यांचे कारण वेगळे होते. १९६५ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला. बिग बँगनंतर उरलेली ऊब म्हणून त्यांचा अर्थ नीट लागत होता. पारडे तिकडे झुकले ते झुकलेच.

नारळीकरांनी मात्र हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी सिद्धांताची सुधारलेली मांडणी केली. तीही फारशी स्वीकारली गेली नाही. अल्पमतात उभे राहून, चिडचिड न करता, दर वेळी ‘माझे चुकत असेल तर ते असे तपासा’ म्हणणे किती कठीण असते, हे अल्पमतात राहिलेल्यालाच कळते. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. त्यांची ही रीत पटते.

१९७२ मध्ये ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. विज्ञानकथेचा किस्सा यानंतरचा. एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू होते. समोर कोरे कागद होते. नारळीकरांनी त्यावर गोष्ट लिहायला घेतली. गोष्टीचे नाव ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, तिला ती पाठवायची होती, पण नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले : नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचा, ज. वि. ना. होतात. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. १९७४ च्या त्या स्पर्धेत ‘जगतापां’ना पहिला क्रमांक मिळाला. पद्मभूषण मिळालेला माणूस खोट्या नावाने स्पर्धेला बसतो, कारण त्याला खरे मार्क हवे असतात. आपल्या मुलांसाठी ओळखीचे फोन फिरवणाऱ्या आपण सगळ्यांनी यावर घडीभर थांबायला हरकत नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या वळणाची आवर्जून दखल घेतली. मग ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आला, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या, आणि ‘आकाशाशी जडले नाते’ हे खगोलशास्त्राचे जाडजूड, सुंदर पुस्तक आले.

माझ्या भाचीने यातली कोणती गोष्ट आधी उचलली असेल? ‘धूमकेतू’. कलकत्त्याचे एक हौशी आकाशनिरीक्षक, दत्ता, रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसतात. त्यांना एक नवा धूमकेतू सापडतो. बायकोला वाटते हा अपशकुन. पुढे कळते की तो पृथ्वीवर आदळणार. जगभरचे वैज्ञानिक गुपचूप तयारी करून त्याला वाटेवरून ढकलतात. इकडे घरी मात्र यज्ञ झालेला असतो आणि घरच्यांची खात्री असते की संकट त्यानेच टळले. दत्ता दोन्ही जगांच्या मधे उभे. भाची म्हणाली, “मामू, हे तर आपल्याच घरातलं आहे. ग्रहण लागलं की नानी भाभीला सुरीला हात लावू देत नाही.”

खरे आहे. आपल्याकडे कुंडली नसते म्हणून आपण स्वतःला सुटलेले समजतो. पण सफर महिन्यात निकाह नको म्हणणारी घरे याच जिल्ह्यात मी पाहिली आहेत. प्रेषितांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले, लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले, तेव्हा खुद्द प्रेषितांनीच सांगितले की कुणाच्या जन्म-मरणासाठी सूर्यचंद्राला ग्रहण लागत नाही. हे मशिदीत ऐकतो आणि घरी येऊन सुरी लपवतो.

नारळीकर नुसते बोलून थांबले नाहीत. २००८ मध्ये त्यांनी पुण्यातल्या संख्याशास्त्रज्ञांना आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला सोबत घेऊन फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या : कोणती कुणाची ते सांगा. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तर ५० च्या आसपास आली असती. अशा वादात लोक एरवी शिव्या देतात. यांनी तक्ता मांडला.

त्यांच्या कथांविषयी माझी एक तक्रारही आहे. पात्रे कधी कधी फळ्यावर खडूने काढल्यासारखी वाटतात, बायका फारशा बोलत नाहीत, आणि शेवटी एखादा शहाणा गृहस्थ सगळे समजावून सांगतो. कथालेखक म्हणून ते जी. ए. कुलकर्णी नव्हेत. पण त्यांनी स्वतःवर एक अट घालून घेतली होती आणि ती फार कमी जण पाळतात. कल्पना कितीही उंच जावो, आज माहीत असलेल्या विज्ञानाच्या नियमाला तिने धक्का लावता कामा नये. जादूची कांडी फिरवायची आणि तिला विज्ञानकथा म्हणायचे, हे त्यांना मान्य नव्हते. भाचीच्या भाषेत सांगायचे तर चंद्राच्या पोटात तारा काढायचा नाही.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याचा उत्तम नमुना. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती ‘द ॲडव्हेंचर’ नावाने आहे, म्हणून अनेक मुलांनी वाचलेली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठे जिंकले आहेत. फरक कशामुळे? विश्वासरावांना लागायची ती गोळी तिळभर बाजूने गेली. एवढाच. आणि मग रेल्वे, मुंबई, राज्यकारभार, सगळेच वेगळे. सूक्ष्म कणांच्या जगात एका क्षणी अनेक शक्यता असतात, या भौतिकीतल्या विचारावर ही कथा उभी आहे. इतिहासावरून हातघाईवर येणाऱ्या आजच्या काळात ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न इतक्या शांतपणे विचारणारी दुसरी मराठी कथा मला आठवत नाही.

आकाश आणि चित्र यांची सोबत जुनी आहे, हे भाचीला सांगताना मी अब्दुर्रहमान अल-सूफींची गोष्ट सांगितली. दहाव्या शतकातले हे इराणचे खगोलशास्त्रज्ञ. ९६४ च्या सुमारास त्यांनी ‘किताब सुवर अल-कवाकिब’, म्हणजे तारकासमूहांच्या चित्रांचा ग्रंथ, लिहिला. त्यात प्रत्येक तारकासमूहाचे चित्र दोनदा आहे : एकदा जमिनीवरून वर पाहताना दिसते तसे, आणि एकदा आकाशाच्या गोलावर बाहेरून पाहिल्यास दिसेल तसे, म्हणजे आरशातल्यासारखे उलटे. चित्र सजावटीसाठी नव्हते, मोजमापासाठी होते. त्यांनी आकाशात एक ‘छोटा ढग’ नोंदवला. त्या ढगाला आज आपण मराठीत देवयानी दीर्घिका म्हणतो. ताऱ्यांच्या नावांचेही असेच. मराठी शेतकऱ्याची रोहिणी म्हणजे अरबांचा अल-दबरान, कृत्तिकांच्या मागून चालणारा. आपला श्रवण म्हणजे अल-ताइर, उडणारा गरुड. आपल्या घरातल्या मुलांना ही दोन्ही नावे सहज पाठ होऊ शकतात. दोन्ही त्यांचीच आहेत.

आणि जवळचे सांगायचे तर आपला मुलूख १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या हौसेतून वेधशाळा उभारली आणि इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणवली. तीच निजामिया वेधशाळा. नवाबसाहेबांच्या पश्चात ती संस्थानाने चालवली आणि जगभरच्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा नकाशा करायचे ठरवले, तेव्हा त्यातला एक पट्टा हैदराबादने छायाचित्रे घेऊन मोजून दिला.

आता हिंगोलीकडे येतो. १९८८ मध्ये पुण्यात नारळीकरांनी एक संस्था उभी केली : खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, सगळे तिला ‘आयुका’ म्हणतात. इमारत चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पकाराकडून करून घेतली. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. देशातल्या कुठल्याही लहान विद्यापीठातल्या शिक्षकाने तिथे जावे, राहावे, संशोधन करावे, अशी ती कल्पना. मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नावाची ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली आणि तिथे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी, झाडूच्या काड्या, जुन्या सायकलच्या ट्यूबची व्हॉल्व्ह यांतून खेळणी बनवून विज्ञान शिकवले.

याच आयुकात सुरुवातीच्या वर्षांपासून संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी एका विचित्र कामात गुंतले होते. आइन्स्टाइनने सांगितलेल्या गुरुत्वीय लहरी कुणी पकडल्याच, तर गोंगाटातून त्यांची खूण कशी ओळखायची, याचे गणित ते करत होते. लहरी तेव्हा कुणीच पकडल्या नव्हत्या. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन ‘लिगो’ यंत्रांनी ती खूण टिपली. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती, एक सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसरे २९ पट. त्या धक्क्याने यंत्राच्या ४ किलोमीटर लांब बाहूची लांबी प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या भागाइतकीच बदलली होती. वैज्ञानिकांनी ती लहर आवाजात बदलून ऐकवली. पाखराने चटकन एकदा चिवकावे तसा आवाज येतो. कृष्णविवरांच्या गोष्टीने लेखणी उचललेल्या नारळीकरांना हा आवाज ऐकायला मिळाला, याचे मला बरे वाटते.

तसेच यंत्र आता औंढा नागनाथजवळ, दुधाळा परिसरात उभे राहत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने त्याला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. ते चालवण्यात आयुकाचाही वाटा आहे. जागा इथली का निवडली? कारण इथली जमीन शांत आहे. मोठे कारखाने, धडधडणाऱ्या रेल्वे, समुद्राच्या लाटा यांचा हादरा इथे कमी पोचतो. आजवर मागासलेपणाची खूण म्हणून जी शांतता आपण मिरवली नाही, तीच कामाला आली. काटकोनात ४-४ किलोमीटरचे दोन बाहू असतील, आत निर्वात नळ्या, टोकांना आरसे, आणि त्यांच्यामध्ये लेसर. आवाज कुठून आला हे दोन कानांमुळे कळते, तसे जगाच्या या बाजूला आणखी एक कान लागला की लहर आकाशातल्या नेमक्या कुठल्या भागातून आली हे जास्त अचूक सांगता येईल.

प्रश्न असा आहे की त्या फाटकातून आपली मुले कशी आत जाणार. प्रकल्प आला की आपण जमिनीचे भाव विचारतो, कंत्राट कुणाला मिळाले ते विचारतो. पहारेकरी, ड्रायव्हर, कँटीन ही कामेही इज्जतीची आहेत, मिळावीत. पण लेसर, निर्वात तंत्र, संगणक, आरशांची घासणी, मोजणी यांसाठीही माणसे लागतील आणि ती घडायला दहा-बारा वर्षे लागतात. आज जे मूल पाचवीत आहे त्याच्याबद्दल मी बोलतोय. वसमतच्या हळदीच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्या बापाची मुलगी, कळमनुरीच्या उर्दू शाळेतला मुलगा. त्यांना ‘गुरुत्वीय लहर’ हा शब्द घरच्या भाषेत कुणी सांगायचा?

नारळीकरांनी यासाठी एक साधी युक्ती काढली होती. मुले सही मागायला गर्दी करायची. ते सही देत नसत. म्हणायचे, पोस्टकार्डावर मला विज्ञानातला एक प्रश्न विचारून पाठव, उत्तर लिहून खाली सही करेन. आणि ते खरोखर उत्तरे लिहीत. गावोगावची पोस्टकार्डे आयुकात येत आणि त्यांची उत्तरे गावोगाव जात. युनेस्कोचा कलिंग पुरस्कार (१९९६), पद्मविभूषण (२००४), ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी (२०१४), नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद (२०२१) हे सगळे मोठेच. प्रकृतीमुळे नाशिकला त्यांना जाता आले नाही. पण मला त्या पोस्टकार्डांची थप्पी या सगळ्यापेक्षा मोठी वाटते.

आमच्या घरची बैठक शेवटी कशी संपली ते सांगतो. भाचीने सायन्स घेतले. चित्रकलेची वही बंद झालेली नाही, त्याबद्दल भाईजानांशी माझे थोडे वाजले, पण ते निवळले. जुन्या दप्तराच्या दुकानातून मी एक फळा आणला आहे. तो दिवाणखान्यात नानीच्या पलंगासमोर लावलाय. त्यावर सध्या एक प्रश्न आहे : ईदचा चांद हिंगोलीच्या आधी जेद्द्याला का दिसू शकतो? वीस दिवस झाले, अजून पुसलेला नाही. घरात येणारा प्रत्येक पाहुणा आपले मत देऊन जातो, नानीचे मत वेगळेच आहे.

बकरीदला भाचीने कार्डे रंगवली. हिरवी किनार तीच, सोनेरी कोर तीच. तारा मात्र कोरीच्या बाहेर, खालच्या अंगाला, २४ मार्चला दिसला होता तिथे. नानीने चष्मा लावून कार्ड लांब धरले, जवळ धरले.

“तारा बाहेर का पडला गं?”

भाची स्वयंपाकघरात गेली, एक थाळी आणि लिंबू घेऊन आली, आणि नानीच्या पलंगावर मांडी घालून बसली.